आधी ट्यूब विचारा

सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने छातीच्या एचआरसीटी तपासणीचे कमाल दर ठरवून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० आणि ६४च्या वरच्या यंत्रावर ३,००० रुपये. कोरोनाच्या त्या दिवसांत दरांना लगाम घालणं गरजेचंच होतं. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. तोवर रेडिओलॉजिस्ट आणि विक्रेत्यांपुरता असलेला स्लाइसचा आकडा रुग्णाच्या नातेवाइकांच्याही तोंडी बसला. आता तालुक्याच्या गावात एखाद्या डॉक्टरने सीटी यंत्र घ्यायचं मनावर घेतलं, की भेटेल तो विचारतो, किती स्लाइसचं?

नवं यंत्र घेताना हा प्रश्न ठीक आहे. वापरलेलं यंत्र घेताना मात्र तो बराच मागे जायला हवा. आधी विचारायचं ते ट्यूबबद्दल, आणि लगेच त्यापाठोपाठ, हे यंत्र पुढची पाच वर्षं दुरुस्त कोण करणार ते.

वापरलेलं सीटी यंत्र घेण्यात कमीपणा काहीच नाही. महामार्गालगतच्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार येतो, तेव्हा कवटीच्या आत रक्त साचलंय का, हे काही मिनिटांत कळायला हवं. पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीवर पाहिल्यानंतरच. नव्या यंत्राचं कर्ज न झेपणाऱ्या रुग्णालयाने चांगलं जुनं यंत्र बसवलं, तर त्या पंचक्रोशीतली माणसं वाचतात. म्हणूनच यंत्र चालू असणं हा त्याचा सर्वांत मोठा गुण. गावात सीटी नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर रुग्णवाहिका सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. सीटी आहे, पण आज बंद आहे, अशा ठिकाणी ती आधी थांबते, स्ट्रेचर आत जातं, विचारपूस होते, आणि मग पुढची वाट धरावी लागते. साडेचार तासांतला तो अर्धा-पाऊण तास परत मिळत नाही. या प्रकरणात पुढे जे सांगितलं आहे ते या एका गोष्टीवर नजर ठेवून.

स्लाइसचा आकडा काय सांगतो

स्लाइस म्हणजे गॅन्ट्रीच्या (रुग्णाभोवती फिरणाऱ्या कड्याच्या) एका फेरीत यंत्र शरीराचे जितके आडवे छेद टिपतं तो आकडा. १९८०च्या दशकाअखेर फिरत्या भागाला ब्रशमधून वीज पुरवणारी स्लिप रिंग आली आणि गॅन्ट्रीला केबलचा पीळ सोडवण्यासाठी उलटं फिरावं लागेनासं झालं. १९८९मध्ये विली कालेंडर यांनी सर्पिल स्कॅनिंगची पद्धत मांडली. टेबल सरकत राहतं, ट्यूब फिरत राहते. १९९८मध्ये चार स्लाइसची यंत्रं आली, पुढच्या तीन-चार वर्षांत १६ आणि २००४च्या सुमारास ६४. वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात आज जो माल फिरतो तो बहुतांशी १६ स्लाइसपासून १२८ स्लाइसपर्यंतचा.

पण ६४ आणि ६४ यांत फरक आहे. जीईच्या लाइटस्पीड व्हीसीटीमध्ये ०.६२५ मिलिमीटरच्या ६४ रांगा आहेत, म्हणजे एका फेरीत ४० मिलिमीटर पट्टा टिपला जातो. तोशिबाच्या अ‍ॅक्विलिअन ६४मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या ६४ रांगा, म्हणजे ३२ मिलिमीटर. सीमेन्सच्या सेन्सेशन ६४मध्ये मात्र ०.६ मिलिमीटरच्या ३२ रांगाच वापरल्या जातात. ट्यूबमधला किरणबिंदू झपाट्याने हलवून प्रत्येक रांगेकडून दोन वाचनं घेतली जातात आणि ६४ छेद मिळतात. तिथे पट्टा १९.२ मिलिमीटरच. यात फसवणूक नाही. त्या तंत्राने बारीक तपशील खरोखर सुधारतो. पण धडधडतं हृदय कमीत कमी ठोक्यांत टिपायचं असेल, तर पट्टा १९ मिलिमीटरचा की ४० मिलिमीटरचा, याने काम बदलतं. १२८ स्लाइसच्या काही यंत्रांतही ६४ रांगाच असतात. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. डिटेक्टरच्या रांगा किती, एका फेरीत पट्टा किती मिलिमीटरचा, आणि एक फेरी किती सेकंदांची.

आणि त्याहीआधी स्वतःला विचारावं, आपल्याकडे येणार कोण? डोक्याची दुखापत, छाती, पोट, मूतखडा, मणके, हाडं, पक्षाघात ही कामं १६ स्लाइसचं निरोगी यंत्र उत्तम करतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायची असेल, तर ६४ रांगांचं, वेगवान फेरीचं यंत्र हवं, त्यासोबत हृदयाचं सॉफ्टवेअर, ईसीजीची जोडणी आणि ते चित्र वाचणारा डॉक्टरही हवा. डॉक्टरच नसेल, तर ६४ स्लाइसचे जादा पैसे भिंतीवरच्या पाटीत जातात. त्याच पैशात १६ स्लाइसचं कमी वापरलेलं यंत्र आणि नवी ट्यूब येऊ शकते, आणि बहुतेक तालुका रुग्णालयांनी तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्यूब

सीटीच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत टंगस्टनच्या फिरत्या चकतीवर आदळतो. त्या ऊर्जेतला सुमारे एक टक्का भाग क्ष-किरण होतो आणि ९९ टक्के उष्णता. १२० किलोव्होल्ट आणि २०० मिलिअँपिअरवर दहा सेकंदांचं स्कॅन केलं, तर २४० किलोज्यूल उष्णता त्या चकतीत उतरते. एवढ्यात एक लिटर पाणी ५० अंशांहून अधिक तापेल. चकती मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते. तिला धरून ठेवणारं बेअरिंग निर्वात पोकळीत आहे, तिथे साधं वंगण चालत नाही. भरीस भर म्हणजे ही सगळी ट्यूब स्वतः गॅन्ट्रीत रुग्णाभोवती फिरते. अर्ध्या सेकंदाच्या फेरीत तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दहापट ताण येतो. अशी वस्तू झिजणारच. सीटी यंत्राच्या सुट्या भागांत सगळ्यांत महाग आणि हमखास संपणारी वस्तू हीच. नव्या ट्यूबचं बिल कित्येक लाखांचं असतं, आणि स्वस्तात मिळालेलं यंत्र महाग पडलं असं कोणी सांगतं तेव्हा त्यामागे बहुधा ट्यूबच असते.

ट्यूबची उष्णता साठवण्याची क्षमता एमएचयूमध्ये, म्हणजे दशलक्ष उष्णता एककांत सांगतात. जुन्या लहान यंत्रांवर दोन एमएचयूची ट्यूब भेटते, मोठ्यांवर सहा, सात, आठची. दोनच्या ट्यूबवर पोटाचं तीन टप्प्यांचं स्कॅन झालं, की पडद्यावर थांबण्याची सूचना येते आणि पुढचा रुग्ण बाहेर ताटकळतो. दिवसाला आठ-दहा रुग्ण असतील तर हे चालून जातं. तीस असतील तर नाही. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या ट्यूबची तुलना फक्त या आकड्यावर करू नये. सीमेन्सच्या स्ट्रॅटॉन ट्यूबची साठवण अवघी ०.८ एमएचयू आहे, पण तिची चकती थेट तेलाच्या संपर्कात असल्यामुळे उष्णता साचण्याआधीच निघून जाते. साठवण आणि निचरा, दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

आता वापराचं. ट्यूब किती चालली हे यंत्र स्वतःच मोजून ठेवतं, पण मोजण्याचं एकक कंपनीगणिक बदलतं. कुठे स्कॅन सेकंद, कुठे एक्स्पोजरची संख्या, कुठे मिलिअँपिअर-सेकंद, कुठे गॅन्ट्रीच्या फेऱ्या. विक्रेता “दीड लाख झालेत फक्त” म्हणाला, तर कशाचे दीड लाख, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. मग आपल्या कामाचा हिशोब त्याच एककात मांडावा. समजा रोज १५ रुग्ण, प्रत्येकी सरासरी १२ स्कॅन सेकंद. म्हणजे दिवसाला १८० आणि वर्षाच्या ३०० दिवसांत ५४,०००. त्या मॉडेलच्या ट्यूबला उत्पादक किती सेकंदांची हमी देतो, त्यातले किती खर्च झाले आणि उरलेले आपल्या ५४,०००च्या वेगाने किती महिने पुरतील, हे गणित खरेदीच्या आधी कागदावर यायला हवं. हमीचा आकडा ओलांडूनही ट्यूब पुष्कळ दिवस चालू शकते आणि त्याच्या अलीकडेही जाऊ शकते. पण ती हमीपलीकडे चालेल या भरवशावर कर्जाचे हप्ते ठरवू नयेत.

एक बारकावा इथे नेहमी निसटतो. पूर्ण गॅन्ट्रीचा वापर आणि सध्याच्या ट्यूबचा वापर हे दोन वेगळे आकडे असतात. ट्यूब बदलली की तिचा आकडा शून्यापासून सुरू होतो, गॅन्ट्रीचा मात्र चालूच राहतो. ट्यूब ताजी आणि गॅन्ट्री थकलेली, अशी यंत्रं बाजारात भरपूर आहेत. २०२०-२१मध्ये कोविड केंद्रांशी जोडलेल्या यंत्रांनी दिवसरात्र छाती स्कॅन केल्या. अशा यंत्राबाबत त्या दोन वर्षांतले रुग्णांचे आकडे वेगळे मागावेत.

ट्यूब बदललेली असेल, तर ती मूळ उत्पादकाची आहे की व्हॅरेक्ससारख्या स्वतंत्र कंपनीची, हे विचारावं. स्वतंत्र कंपनीची ट्यूब वाईट असते असं मुळीच नाही. पण पुढे दुरुस्तीचा करार मूळ कंपनीकडून घ्यायचा असेल, तर ती त्या ट्यूबची जबाबदारी घेईल का, हे आधी लेखी विचारलेलं बरं. गोदामात वर्षभर पडून असलेल्या ट्यूबपासूनही सावध राहावं. न वापरताही आतली निर्वात पोकळी बिघडू शकते आणि चालू केल्यावर ट्यूब ठिणग्या टाकू लागते.

यंत्राची जबानी

बैलबाजारात जाणता शेतकरी विकणाऱ्याचं बोलणं नंतर ऐकतो, आधी जनावराचे दात पाहतो. सीटी यंत्राचे दात म्हणजे त्याचा एरर लॉग. कन्सोलच्या सर्व्हिस विभागात यंत्राने स्वतःची प्रत्येक तक्रार तारीख-वेळेसह लिहून ठेवलेली असते. ट्यूबमध्ये उच्च दाबाची ठिणगी पडली की तिथे आर्कची नोंद होते. अधूनमधून एखादी आर्क ही चिंतेची बाब नाही. पण मागच्या तीन महिन्यांत त्या आठवड्याला एकवरून रोज तीन-चारवर गेल्या असतील, तर ट्यूब जायला लागली आहे, आकडा काहीही म्हणो. गॅन्ट्रीचं तापमान, स्लिप रिंगवरून येणाऱ्या डेटातले खंड, टेबलाच्या चुका हे सगळं लॉगमध्ये सापडतं. आपल्या बाजूच्या अभियंत्याला तो लॉग संपूर्ण वाचू द्यावा. दाखवायला कोणी नाही म्हटलं, तर त्या यंत्राचा नाद सोडावा. लॉग नुकताच पुसलेला असेल, तरीही तेच.

यंत्र उभं आणि चालू असताना पाहावं. खोलून खोक्यांत भरलेल्या यंत्राबद्दल कोणालाच काही खात्रीने सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. सकाळी लवकर जावं, म्हणजे थंड ट्यूब तापवण्याची आणि एअर कॅलिब्रेशनची रोजची प्रक्रिया डोळ्यांसमोर होते. गॅन्ट्री पूर्ण वेगाने फिरत असताना उभं राहून ऐकावं; बेअरिंगचा घरघराट अनुभवी अभियंत्याच्या कानाला लगेच खटकतो. कव्हर काढायला लावावं. स्लिप रिंगवर कार्बन ब्रशची काळी भुकटी साचलेली दिसली, तर निगा कशी राखली गेली ते वेगळं विचारावं लागत नाही. गॅन्ट्री, टेबल आणि कन्सोल यांच्या पट्ट्यांवरचे अनुक्रमांक आणि निर्मितीची वर्षं एकमेकांशी जुळवून पाहावीत, कारण तीन यंत्रांचे भाग जोडून उभं केलेलं यंत्रही विकायला येतं. “२०१५चं यंत्र” म्हणजे २०१५ला बनलेलं की २०१५ला बसवलेलं, हेही त्या पट्टीवरून कळतं.

चित्राची परीक्षा पाण्यावर होते. या यंत्राचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड. ईएमआय कंपनीत बनवलेल्या त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिला रुग्ण तपासला गेला, आणि १९७९मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार. म्हणून पाण्याने भरलेलं फँटम, म्हणजे चाचणीचं भांडं, स्कॅन केलं की यंत्र खरं बोलतंय का ते समजतं. मधोमध आकडा शून्याच्या जवळ हवा, साधारण तीन-चार एककांच्या आत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तो मधल्या आकड्यापासून फार हलता कामा नये. चित्रात एककेंद्री वर्तुळं उमटली तर डिटेक्टरचा एखादा घटक चुकतोय. कधी ती कॅलिब्रेशनने जातात. गेली नाहीत तर डिटेक्टरचा तो भाग बदलावा लागतो, आणि ट्यूबच्या खालोखाल महाग काही असेल तर तेच.

फँटमवर मात्र थांबू नये. आपल्या रेडिओलॉजिस्टला त्या यंत्रावर अलीकडे झालेली मेंदूची चित्रं, रुग्णांची नावं झाकून, दाखवावीत. विंडो अरुंद ठेवून पाहिल्यावर मेंदूतला करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसतो का, कवटीच्या तळाशी लहान मेंदूवर काळे पट्टे किती येतात, हे जाणत्या नजरेला लगेच दिसतं. पक्षाघाताच्या पहिल्या तासांत फरक फार सूक्ष्म असतो आणि डॉक्टरला तो याच पडद्यावर शोधायचा आहे.

रुग्णाच्या वाट्याला येणारा किरणोत्सर्ग

२००९मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात उघडकीला आलं, की पक्षाघातासाठीच्या मेंदूच्या परफ्युजन स्कॅनमध्ये दोनशेहून अधिक रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या सुमारे आठपट किरणोत्सर्ग मिळाला होता. हे जवळपास अठरा महिने चाललं. काही रुग्णांचे केस पट्ट्यांत गळाले, तेव्हा शोध सुरू झाला. यंत्रात बिघाड नव्हता. स्कॅनच्या प्रोटोकॉलमधल्या आकड्यांत बदल झाला होता आणि पुढचं प्रत्येक स्कॅन त्याच आकड्यांवर होत राहिलं.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्याने ही घटना कायम लक्षात ठेवावी, कारण जुन्या मालकाचे प्रोटोकॉल यंत्राबरोबरच आपल्या दारात येतात. कोणी कधी काय बदललं, याचा पत्ता नसतो. यंत्र बसल्यावर पहिलं काम म्हणजे ते सगळे प्रोटोकॉल रेडिओलॉजिस्ट आणि भौतिकशास्त्रज्ञाने मिळून नव्याने तपासणं, आणि लहान मुलांचे वेगळे आहेत ना, हे पाहणं. मोठ्या माणसाच्या आकड्यांवर चार वर्षांच्या मुलाचं डोकं स्कॅन करणं हा अपराधच आहे, मग यंत्र नवं असो की जुनं.

त्या आणि तशा घटनांनंतर अमेरिकेतल्या उत्पादकांच्या नेमा या संघटनेने २०१३मध्ये एक्सआर-२९ हा मानदंड आणला. त्यात चार अटी आहेत. प्रत्येक स्कॅनची मात्रा डायकॉम अहवालात आपोआप नोंदली जावी. मात्रा ठरावीक मर्यादेबाहेर जात असेल तर यंत्राने स्कॅनच्या आधी तसं बजावावं. शरीराच्या जाडीप्रमाणे ट्यूबचा प्रवाह आपोआप कमी-जास्त व्हावा. आणि मुलांचे व मोठ्यांचे संदर्भ प्रोटोकॉल यंत्रात असावेत. हे नसलेल्या यंत्रांवरच्या तपासण्यांच्या मोबदल्यात तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०१६पासून ५ टक्के आणि २०१७पासून १५ टक्के कपात केली. ज्या जुन्या यंत्रांना हे बसवता येत नव्हतं ती तिथे एकदम तोट्यात गेली. एखादं यंत्र आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त मिळतंय, तर त्यामागे हेही कारण असू शकतं. भारतात ती कपात लागू नाही. पण आपल्या रुग्णाची त्वचा आणि अमेरिकन रुग्णाची त्वचा सारखीच आहे, तेव्हा या चार अटींची यादी घेऊनच यंत्र पाहायला जावं असा माझा आग्रह आहे.

२००८नंतरच्या काही वर्षांत इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन आलं. त्याने कमी मात्रेतही चित्र कमी दाणेदार येतं. जीईचं एएसआयआर, सीमेन्सचं सफायर, फिलिप्सचं आयडोस, तोशिबाचं एआयडीआर थ्रीडी ही त्याची नावं. दोन यंत्रांत थोडाच फरक असेल आणि एकावर हे असेल, तर ते निवडावं. मात्र या सोयीचा परवाना त्याच यंत्रावर कायम आहे ना, याची खात्री करावी.

परवाने आणि किल्ल्या

कारण सीटी यंत्रातल्या पुष्कळ सोयी लोखंडात नसतात, सॉफ्टवेअरच्या परवान्यात असतात. हृदय, परफ्युजन, रक्तवाहिन्या, दंत, कमी मात्रा, सगळ्यांना वेगळं कुलूप. यंत्राचा मालक बदलला की काही परवाने बंद होतात. अभियंत्याला आतल्या चाचण्या चालवायला सर्व्हिस की लागते. ती मूळ कंपनीकडे असते किंवा तिने दिलेल्या मुदतीपुरती चालते. विक्रेत्याच्या अभियंत्याकडे ती कुठल्या हक्काने आहे, हे खोदून विचारावं. उसन्या किल्लीवर चालणारी सेवा एखाद्या सॉफ्टवेअर बदलानंतर अचानक बंद पडू शकते.

कंपन्या जुन्या मॉडेलचा आधार ठरावीक वर्षांनी बंद करतात आणि तसं पत्रही काढतात. आपण घेत असलेल्या मॉडेलचे सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील, हे कंपनीच्या भारतीय कार्यालयाला लेखी विचारावं. मालकी बदललेल्या कंपन्यांबाबत हे आणखी गरजेचं. तोशिबाचा वैद्यकीय विभाग २०१६मध्ये कॅननने घेतला, हिताचीचा निदानयंत्रांचा व्यवसाय २०२१मध्ये फुजीफिल्मकडे गेला. जुन्या नावाची पाटी असलेल्या यंत्रासाठी आज फोन कोण उचलतं, हे विकत घेण्याआधी करून पाहण्यासारखं आहे.

विक्रेते तीन तऱ्हेचे भेटतात. मूळ उत्पादक स्वतः यंत्र परत घेऊन, झिजलेले भाग बदलून, हमीसह विकतो. जीईचं गोल्डसील, सीमेन्सचं इकोलाइन ही अशी नावं. किंमत जास्त, पण झोप शांत. दुसरे स्वतंत्र नूतनीकरण करणारे. यांच्यात फार चांगलेही आहेत आणि नुसता रंग मारून देणारेही. आयईसी ६३०७७ हा २०१९चा आंतरराष्ट्रीय मानदंड प्रतिमायंत्रांचं नूतनीकरण कसं व्हावं ते सांगतो; त्याप्रमाणे काम केल्याची कागदपत्रं दाखवता येतात का, यावरून फरक कळतो. आणि तिसरे ‘आहे तसं, आहे तिथून’ विकणारे. त्यांच्याकडून घ्यायचं तर आपला स्वतःचा अभियंता हवा, आणि ट्यूब उद्या गेली तरी परवडेल एवढी रक्कम बाजूला हवी.

भारतात या व्यवहाराला अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या एईआरबीचं कुंपण आहे, आणि ते चांगलं आहे. सीटी चालवायला मंडळाचा परवाना लागतो. यंत्राच्या मॉडेलला मंडळाची मान्यता असावी लागते, खोलीचा आराखडा आणि भिंतींचं कवच नियमात बसावं लागतं, मान्यताप्राप्त किरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, कर्मचाऱ्यांना किरणमात्रा मोजणारे टीएलडी बिल्ले लागतात, आणि दर दोन वर्षांनी अधिकृत संस्थेकडून गुणवत्ता चाचणी करून घ्यावी लागते. हे सगळं ई-लोरा या संकेतस्थळावरून चालतं. यंत्र तिथे विकणाऱ्याच्या नावावर नोंदलेलं असतं. ते त्याच्या नावावरून रीतसर उतरल्याशिवाय आणि आपल्याला खरेदीची मंजुरी आल्याशिवाय ट्रक हलवू देऊ नये. परदेशातून थेट आणलेल्या वापरलेल्या यंत्राला २०१६च्या घातक कचरा नियमांखाली पर्यावरण मंत्रालयाची बाजूही सांभाळावी लागते. आयातीचं यंत्र कोणी देऊ करत असेल, तर मूळ परवानगीपत्रं हातात घेऊन वाचावीत, फोटोप्रतींवर विसंबू नये.

कन्सोलच्या हार्ड डिस्कवर आधीच्या रुग्णालयातल्या हजारो रुग्णांची नावं, वयं आणि आजार पडून असतात. ते पुसून घेणं विकणाऱ्याचं कर्तव्य, आणि पुसलं आहे हे तपासणं आपलं.

खोली आणि वीज

यावर थोडक्यात. थ्री-फेज पुरवठा, यंत्राच्या जनरेटरला पेलणारा ट्रान्स्फॉर्मर, चांगलं अर्थिंग आणि यूपीएस हवेत. स्कॅनच्या क्षणी दाब खाली गेला की यंत्र स्कॅन अर्धवट सोडतं आणि दोष ट्यूबवर ढकलला जातो. गॅन्ट्रीचं वजन दीड-दोन टनांच्या घरात, तेव्हा वरच्या मजल्यावर बसवायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी. काही मॉडेल हवेने थंड होतात, काहींना पाण्याचं चिलर लागतं. खरेदीच्या यादीत चिलर आहे का ते पाहावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा हा जुन्या यंत्राचा मोठा शत्रू. रात्री वीज वाचवण्यासाठी एसी बंद करायची सवय असेल, तर ती तिथे सोडावी लागते.

करार

यंत्राची किंमत घासाघीस करून कमी करणारे रुग्णालयाचे विश्वस्त देखभालीच्या कराराकडे बहुधा शेवटच्या दिवशी पाहतात. खरा पैसा तिथे आहे. एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, अभियंत्याची फेरी मिळते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसीमध्ये, म्हणजे सर्वसमावेशक करारात, भाग मिळतात, पण ट्यूब त्यात आहे की नाही, हे एका ओळीवर ठरतं. ट्यूबसह असेल, तर पूर्ण बदलून मिळेल की वापराच्या प्रमाणात पैसे भरावे लागतील? डिटेक्टर आणि उच्च दाबाची टाकी त्यात आहे का? अभियंता किती तासांत पोहोचेल, आणि तो राहतो कुठे? पुण्यात राहणारा अभियंता गडचिरोलीच्या रुग्णालयाला चार तासांचं वचन देऊ शकत नाही. यंत्र वर्षातून ९५ टक्के वेळ चालू राहील या वाक्याचा अर्थ वर्षाला अठरा दिवस बंद चालेल असा होतो. ते अठरा दिवस सलग आले तर काय, हे करारात लिहिलेलं असावं.

दोन यंत्रांची तुलना करताना पाच वर्षांचा एकत्र हिशोब मांडावा. खरेदी, खोलणं, वाहतूक, विमा, बसवणं, खोलीचं काम, वीज, पाच वर्षांचा करार आणि त्या काळात अपेक्षित ट्यूब. पहिल्या दिवशी दहा लाखांनी स्वस्त असलेलं यंत्र या बेरजेत अनेकदा मागे पडतं.

आणि पैसे एकदम देऊ नयेत. थोडे करार करताना, थोडे यंत्र आपल्या दारात उतरल्यावर, आणि मोठा हिस्सा यंत्र बसून, अधिकृत संस्थेची गुणवत्ता चाचणी होऊन एईआरबीचा परवाना हातात आल्यावर. शेवटचा दहावा भाग नव्वद दिवसांनी, त्या नव्वद दिवसांचा एरर लॉग आपल्या अभियंत्याने वाचून झाल्यावर. यंत्रावर ज्याचा विश्वास आहे असा विक्रेता या अटीला कां-कू करत नाही.